आधी गुडघा, मग गुडघ्याचा फोटो



मृगाच्या पेरणीपासून दसऱ्यापर्यंतचे दिवस म्हणजे शेतकऱ्याच्या गुडघ्यांच्या परीक्षेचे दिवस. बीदर, जहीराबाद, नारायणखेडपासून देगलूर-उदगीरपर्यंतची आपली काळी जमीन ओली झाली की पाय घोट्यापर्यंत रुततो. पाय रुतलेला, पाठीवर खताचे पोते, आणि बांधावरून कोणी हाक मारली म्हणून अंग एकदम वळते. गुडघ्यात खट्‌कन आवाज होतो, वाटी बाहेरच्या अंगाला सरकल्यासारखी वाटते आणि माणूस जागीच खाली बसतो. पाय सरळ केला की वाटी बहुधा आपोआप जागेवर येते. संध्याकाळपर्यंत मात्र गुडघा भोपळ्यासारखा सुजतो.

मग घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, पुत्तूरवाल्याकडून बांधून घ्या, पंधरा दिवसांत चालायला लागेल. दुसरा म्हणतो, हैदराबादला नेऊन स्कॅन काढा, म्हणजे काय ते एकदाचे कळेल. दोन्ही पक्षांच्या पोटात माणसाविषयी काळजीच असते. तरी दोघेही एक पायरी गाळतात. गुडघा हाताने नीट तपासणारा कोण, आणि काढलेला फोटो कशाच्या जोडीने वाचायचा, हे कोणी विचारत नाही. या एका गाळलेल्या पायरीपायी कित्येक घरांत बैल विकला जातो, किंवा तरुण पोरगा जन्माचा लंगडा राहतो. म्हणून यावेळी या पानावर खताबियाण्याऐवजी गुडघ्याविषयी लिहीत आहे.

आम्हा धर्मगुरूंकडे लोक पूर्वी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येत. आजही येतात, पण आता त्यांच्या काखेत स्कॅनचे मोठे पाकीटही असते. रिपोर्ट इंग्रजीत असतो, तो वाचून दाखवा म्हणतात. पहिला प्रश्न ठरलेला: "फादर, यात ऑपरेशन लिहिले आहे का?" रिपोर्टात ऑपरेशन लिहिलेले नसते. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी बहुतेक वेळा त्या माणसाचा गुडघा पाहिलेला नसतो, फक्त गुडघ्याचे चित्र पाहिलेले असते. काय दिसते एवढेच ते लिहितात. काय करावे हे गुडघा तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे असते.

वाटी आणि कप्पी

चित्रात काय पाहतात हे समजण्यासाठी आधी वाटीचे काम समजून घेऊ. गुडघ्याची वाटी हे एक सुटे हाड आहे. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचा दोर तिच्यात गुंफलेला असतो आणि तोच दोर पुढे नडगीच्या हाडाला जाऊन बांधलेला असतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढून एक पन्हळ असते. पाय वाकवताना आणि सरळ करताना वाटी या पन्हळीतून खालीवर सरकते.

विहिरीवरची कप्पी आठवा. कप्पीची खाच खोल असली आणि दोर सरळ ओढला जात असला, तर दिवसभर घागरी काढल्या तरी दोर उतरत नाही. खाच उथळ असली किंवा ओढ तिरकी पडली, की दोर कडेवरून निसटतो. वाटीचेही तसेच आहे. ती निसटते ती जवळजवळ नेहमी बाहेरच्या अंगाला, कारण मांडीच्या स्नायूची ओढ मुळातच थोडी बाहेरच्या दिशेला असते. आतल्या अंगाने एक पातळ अस्थिबंध तिला लगामासारखा धरून असतो. वाटी उडी मारते तेव्हा हा लगाम ताणला जातो किंवा तुटतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाय अगदी सरळ असताना वाटी पन्हळीच्या वरच राहते. गुडघा साधारण वीस-तीस अंश वाकला म्हणजे ती पन्हळीत नीट बसते. म्हणून निसटण्याचा धोका पाय किंचित वाकलेला असताना अधिक असतो, आणि चिखलात चालताना आपला पाय नेमका तसाच असतो. हे दुखणे विशेषतः दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींत आढळते. पाण्याची घागर घेऊन वळणारी मुलगी आणि कबड्डी खेळणारा मुलगा यांना ते सारखेच गाठते.

आपल्या बोलण्यात "गुडघा निखळला" असा एकच शब्द आहे, पण त्यात दोन वेगळी दुखणी मिसळतात. वाटी सरकणे हे एक. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांपासून सुटणे हे दुसरे. हे दुसरे फार भयंकर असते, कारण त्यात गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी फाटून पाय गमावण्याचा धोका असतो. पाय थंड पडला, पांढरा पडला किंवा बधिर झाला, तर फोटोची वाट न पाहता ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे.

"नॉर्मल" या शब्दाचा घोटाळा

पहिले चित्र साध्या एक्स-रेचे. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली या किरणांचा शोध लावला, आणि आज तालुक्याच्या गावीही एक्स-रे निघतो. वाटीसाठी तीन बाजूंनी चित्र लागते: समोरून, बाजूने, आणि गुडघा वाकवून वाटीच्या कडेकडेने. या तिसऱ्याला डॉक्टर स्कायलाइन म्हणतात. डोंगराच्या माथ्याची रेघ दुरून दिसावी तशी वाटी आणि पन्हळ त्यात समोरासमोर दिसतात. घाईत किंवा पैसे वाचवण्यासाठी हे तिसरे चित्र पुष्कळदा काढलेच जात नाही. काढले तरी गुडघा फार वाकवून काढले तर वाटी पन्हळीत खोल जाऊन बसते, आणि सैल असलेली वाटीही व्यवस्थित दिसते. अमेरिकेतील डॉ. मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली गुडघा पंचेचाळीस अंशांत ठेवून हे चित्र काढण्याची रीत मांडली, ती या अडचणीवर उपाय म्हणूनच.

वाटी तर बहुधा दवाखान्यात पोहोचण्याआधीच जागेवर आलेली असते. म्हणून एक्स-रेत सारे जागच्या जागी दिसते आणि रिपोर्टात "नॉर्मल" असे येते. घरची मंडळी सुटकेचा श्वास टाकतात. पोरगा चौथ्या दिवशी नांगराला जातो. एक्स-रेत हाड दिसते. कूर्चा, लगाम आणि स्नायू दिसत नाहीत. वाटी उडी मारताना तिच्या मागच्या बाजूचा किंवा मांडीच्या हाडाच्या कडेचा कूर्चेचा तुकडा सुटला असेल आणि त्याला हाडाची पुरेशी कपची चिकटलेली नसेल, तर एक्स-रेला त्याचा पत्ताच लागत नाही. तो तुकडा सांध्यात फिरत राहतो, मधेच अडकतो, आणि गुडघा कुलूप लागल्यासारखा बंद होतो.

उलट घोटाळाही होतो. शंभरांत एकदोन माणसांची वाटी जन्मापासूनच दोन तुकड्यांची असते. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक छोटा वेगळा तुकडा असतो आणि त्याच्या कडा गुळगुळीत असतात. गुडघ्याला मार लागल्यावर प्रथमच एक्स-रे निघतो, ती फट दिसते, आणि "वाटी फुटली" अशी बोंब होते. जाणता डॉक्टर त्या कोपऱ्यावर बोट दाबून पाहतो. तिथे दुखत नसेल तर ती फट आजची नसते. पुष्कळदा दुसऱ्या गुडघ्याचे चित्र काढले तर तिथेही तशीच फट सापडते. बोट आणि चित्र यांची गाठ घातली की वाद मिटतो.

गोठ्यातला बैल आणि बांधावरचे खूर

एमआरआय हे चित्र चुंबकाच्या साहाय्याने निघते. त्यात एक्स-रेची किरणे नसतात आणि मऊ भागही दिसतात. रात्री सुटलेला बैल पहाटे गोठ्यात परत येऊन उभा राहिला, तरी त्याच्या खुरांचे ठसे ओल्या बांधावर राहतात. वाटीचेही तसेच. ती जागेवर आली तरी तिची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेवर आपटलेली असते. त्या दोन्ही ठिकाणी हाडाच्या आत मुका मार लागून ओल धरते, आणि एमआरआयमध्ये ती उमटते. हे दोन डाग जोडीने दिसले, तर "वाटी सरकली होती" याला ती भक्कम साक्ष ठरते. सोबत आतला लगाम कुठे तुटला, कूर्चेचा तुकडा सुटला का, हेही दिसते.

हे ठसे काही महिन्यांत पुसट होत जातात. सहा-आठ महिन्यांनी काढलेल्या स्कॅनमध्ये ते सापडले नाहीत, म्हणून दुखापत झालीच नव्हती असे कोणी म्हणू नये. म्हणूनच पाकिटावर दुखापतीची तारीख आणि स्कॅनची तारीख, दोन्ही लिहिलेल्या असाव्यात.

एक साधी खूण एक्स-रेतही मिळते. बाजूने काढलेल्या चित्रात, विशेषतः किरण आडवे सोडून काढलेल्या, सांध्यातल्या रक्तावर चरबीचा थर तरंगताना दिसतो, रश्श्यावर तेलाचा तवंग असतो तसा. चरबी हाडाच्या पोकळीतून येते. तवंग दिसला की कुठेतरी हाड फुटले आहे असे धरून पुढचा शोध घ्यावा लागतो.

आकड्यांचे भय

रिपोर्टात आकडे असतात आणि आपली माणसे आकड्यांना सर्वांत जास्त घाबरतात. त्यातले दोन-तीन समजून घेऊ.

इन्सॉल आणि साल्वाती या डॉक्टरांनी १९७१ साली एक सोपे गणित दिले. वाटीखालच्या दोराची लांबी भागिले वाटीची लांबी. उत्तर एकच्या आसपास यावे. ते १.२ च्या वर गेले तर वाटी उंच बसलेली आहे, म्हणजे पन्हळीत शिरायला तिला उशीर होतो. दुसरे माप पन्हळीच्या खोलीचे. उथळ पन्हळीच्या खुणा एक्स-रेत कशा ओळखाव्यात हे फ्रान्समधील लियों येथील आंरी देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. तिसरे माप दोराच्या तिरक्या ओढीचे. पन्हळीचा तळ आणि नडगीवरचा दोराचा उंचवटा यांत किती अंतर आहे ते मोजतात. वीस मिलिमीटरच्या पुढे ते अधिक समजतात.

ही मापे उपयोगाची आहेत यात शंका नाही. पण तिसरे माप सीटी स्कॅनवर घेतले तर एक येते आणि एमआरआयवर घेतले तर बहुधा कमी येते. पाय किती वाकवून ठेवला होता त्यावरही ते बदलते. शिवाय ज्याची उजव्या गुडघ्याची पन्हळ उथळ आहे त्याची डाव्या गुडघ्याचीही पुष्कळदा तशीच असते, आणि डावी वाटी आयुष्यात एकदाही सरकलेली नसते. मापाने धोका किती ते कळते. तो धोका प्रत्यक्षात किती वेळा ओढवला हे माणसालाच विचारावे लागते.

चित्रात दोष दिसणे आणि माणसाला दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा मोठा पुरावा अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी मिळाला. तिथल्या ५० ते ९० वर्षांच्या ९९१ माणसांचे गुडघे, कोणाचे दुखतात कोणाचे नाही हे न पाहता, एमआरआयने तपासले गेले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तीनांतल्या एकाहून अधिक जणांच्या गुडघ्यातली गादी फाटलेली किंवा झिजलेली होती, आणि ज्यांची फाटलेली होती त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याची काही तक्रारच नव्हती. आता विचार करा. पन्नाशीतला शेतकरी बांधावरून घसरतो, वाटी दुखते म्हणून स्कॅन निघतो, आणि रिपोर्टात गादी फाटल्याचे येते. ती फाट दहा वर्षांपूर्वीची असू शकते. पण रिपोर्ट हातात पडताच घर हादरते, सावकाराचे दार आठवते.

सेमिनरीत आम्हाला तर्कशास्त्र शिकवत. दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा त्यातला पहिल्या वर्षाचा पाठ. स्कॅनचे पाकीट उघडताना तो मला नेहमी आठवतो.

रिपोर्टाची शेवटची ओळ

आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टांच्या तळाशी एक ओळ असते. तिच्यात "क्लिनिकल कोरिलेशन" असे दोन शब्द असतात. अर्थ असा की, हे जे दिसले ते रोग्याच्या तपासणीशी ताडून पाहावे. ही ओळ कोणी वाचत नाही. माझ्या मते सर्वांत आधी तीच वाचावी. चित्र वाचणारा डॉक्टर स्वतःच प्रामाणिकपणे सांगत असतो की, मी अर्धी साक्ष दिली आहे, उरलेली अर्धी गुडघ्याकडून घ्या. मोशेच्या नियमशास्त्रात एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नये असा नियम आहे. गुडघ्याच्या बाबतीतही तो पाळण्यासारखा आहे.

एकाच खुणेवर विसंबण्याचा धडा या हैदराबाद शहराने फार पूर्वी पाहिला आहे. १८८८ आणि १८८९ साली इथे क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन समित्या बसल्या. रेसिडेन्सीचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते की, गुंगी देताना रोग्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवले की पुरे, नाडी पाहण्याची गरज नाही. सहावे निझाम महबूब अली खान यांनी पैसा दिला, लंडनच्या लॅन्सेट नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना पाठवले, प्रयोग झाले, आणि समितीने लॉरींच्या बाजूने कौल दिला. पुढे १९११ साली लेव्ही यांनी दाखवले की, क्लोरोफॉर्मच्या हलक्या गुंगीतही हृदय अचानक बंद पडू शकते. श्वास पाहणे चूक नव्हते. फक्त श्वास पाहणे चूक होते. फोटोविषयी माझे म्हणणे हेच आहे.

हाडवैद्य आणि स्कॅन सेंटर

आता पहिल्या पक्षाकडे वळू. चित्तूरकडच्या पुत्तूर गावची हाडे बांधण्याची विद्या जुनी आहे. पाला, अंड्यातले पांढरे आणि बांबूच्या कामट्या यांनी बांधलेले पट्टे आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि हैदराबादेत पुत्तूर कट्टूच्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात. न सरकलेले हाड अशा बांधणीखाली जुळते, हे नाकारण्याचे कारण नाही. गरीब माणूस तिकडे का जातो तेही उघड आहे. तिथे रांग लहान असते, भाषा आपली असते आणि कोणी ओरडत नाही. परंतु सांध्यात सुटलेला कूर्चेचा तुकडा हाताला लागत नाही, आणि सुजलेला गुडघा ओढून-चोळून, घट्ट बांधून महिनाभर ठेवला तर तो आखडतो व मांडीचा स्नायू सुकतो. वाटीला सांभाळणारा खरा राखणदार तोच स्नायू आहे.

दुसऱ्या पक्षालाही सांगायचे आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट स्कॅन सेंटरात जाऊन हजारो रुपये मोजणे म्हणजे माती न पाहता खत टाकणे होय. आणि ज्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शेकडो माणसे असतात, तिथे डॉक्टरांनाही गुडघ्याऐवजी कागद पाहण्याचा मोह होतो. तो दोष एकट्या डॉक्टरांचा नाही, पण त्याची किंमत रोगी मोजतो. म्हणून खुर्चीवर बसताच पाकीट पुढे करू नये. आधी पाय पुढे करावा आणि काय घडले ते दोन वाक्यांत सांगावे.

फोटो काढूच नका असे मात्र कोणी यातून समजू नये. हैदराबादच्या बॅडमिंटनपटू सायना नेहवाल यांचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये त्या उजव्या गुडघ्याचे दुखणे घेऊन खेळल्या आणि दुसऱ्याच सामन्यात हरल्या. त्यांचे दुखणे वाटी सरकण्याचे नव्हते, पण तपासणीत गुडघ्यात हाडाचा तुकडा सुटल्याचे निघाले. त्याच महिन्यात मुंबईत शस्त्रक्रिया झाली, पुढे कित्येक आठवडे व्यायाम झाला, आणि २०१७ साली ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले. गुडघा दुखत होता आणि चित्रात तुकडा दिसत होता. दोन साक्षी जुळल्या, तेव्हा चाकू योग्य ठरला.

वाटी पहिल्यांदाच सरकली असेल आणि तुकडा सुटलेला नसेल, तर बहुतेकांना काही आठवडे आधाराचा पट्टा आणि मग मांडीचा व्यायाम एवढ्यावर भागते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १८९ रोगी दोन ते पाच वर्षे पाहिले गेले. पहिल्यांदाच वाटी सरकलेल्यांपैकी १७ टक्के लोकांची ती पुन्हा सरकली. आधीही सरकलेली होती अशांमध्ये हे प्रमाण ४९ टक्के होते. "आधी कितीदा सरकली?" हा बिनपैशाचा प्रश्न किती मोलाचा आहे, ते या दोन आकड्यांवरून कळावे. वारंवार सरकणाऱ्या वाटीला शस्त्रक्रिया लागू शकते. लगाम नवा करायचा, दोराची ओढ सरळ करायची की पन्हळीकडे पाहायचे, हे ठरवताना वरची सर्व मापे कामाला येतात.

काय करावे

गुडघ्याला मार लागल्यावर दोनचार तासांत मोठी सूज आली, पाय सरळ उचलता येत नसला, गुडघा मधेच अडकत असला किंवा त्यावर पाय टेकवत नसला, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. पाय सरळ उचलता न येणे याचा अर्थ वाटी फुटली किंवा दोर तुटला असाही असू शकतो, आणि तिथे उशीर महागात पडतो. गुडघा गरम होऊन ताप आला तर सांध्यात पू होण्याचा संशय धरावा.

घरून निघण्यापूर्वी एका कागदावर लिहावे: कोणता गुडघा, कोणती तारीख, पाय कसा वळला, वाटी बाहेर गेलेली डोळ्यांनी पाहिली का, ती आपोआप आली की कोणी बसवली, आणि आधी असे कितीदा झाले. शाळेतल्या मुलाकडून लिहून घेतले तरी चालेल. फोटोच्या चिठ्ठीवर नुसते "गुडघेदुखी" असे लिहिलेले असेल, तर "वाटी सरकली होती" एवढे डॉक्टरांना लिहायला सांगावे. चित्र वाचणाऱ्याला काय शोधायचे ते कळले तर तो नेमके शोधतो. वाटीचे तिसरे चित्र, स्कायलाइन, काढायचे का हेही नम्रपणे विचारावे.

जुने फोटो फेकू नयेत, घडी घालू नयेत, पत्र्याच्या पेटीवर उन्हात ठेवू नयेत. नवा फोटो जुन्याशेजारी ठेवल्यावरच झीज किती आणि केव्हाची ते कळते. एमआरआयच्या आधी अंगात पेसमेकर किंवा जुनी धातूची पट्टी असल्यास, किंवा वेल्डिंग-ग्राइंडिंग करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असल्यास, ते न विसरता सांगावे. एक्स-रे वा सीटीच्या आधी गरोदर बाईने तसे सांगावे.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे नांदेड-लातूरकडची माणसे मोठ्या आजाराला आजही या शहराची वाट धरतात. पंजागुट्ट्याचे निम्स मुळात १९६४ साली सुरू झालेले हाडांचे रुग्णालय. उस्मानिया आणि गांधी रुग्णालयांतही अस्थिरोग विभाग आहेत. तेलंगणात आरोग्यश्री आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालेलच असे धरून निघू नये. कोणत्या शस्त्रक्रियेला कुठे पैसे मिळतात, हे आधी विचारून घ्यावे.

आणि ऑपरेशन सुचवले गेले, तर शेत गहाण टाकण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. फोटोत जे दिसते तेच माझ्या दुखण्याचे कारण आहे हे तुम्ही गुडघा तपासून सांगता का? आत्ता ऑपरेशन केले नाही तर काय होईल? व्यायाम करून तीन महिने पाहता येईल का? सुटलेला मोठा तुकडा असेल तर डॉक्टर थांबू नका म्हणतील, आणि मग थांबू नये. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. रागावलाच, तर तेच पाकीट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यात कसलाही अपमान नाही.

पाकीट घेऊन माझ्याकडे येण्यासही हरकत नाही. इंग्रजी वाचून दाखवीन. पण शेवटची ओळ आधी वाचीन, आणि मग तुम्हाला गुडघ्यासह डॉक्टरांकडे धाडीन.